मुर्सल मुअल्लिमांच्या पेन्सिलखुणा

पहिलं पान स्वच्छ झालं, तेव्हा मला इतका आनंद झाला की मी लगेच दुसरं उघडलं.

दुपारची वेळ. बाकूच्या ऑपेरा थिएटरच्या तळघरात, नोटेशनच्या लायब्ररीत मी एकटीच होते. वरच्या छोट्या खिडकीतून रस्त्यावरच्या माणसांचे फक्त बूट दिसायचे. उत्तरेकडून येणारा तिथला वारा, ज्याला सगळे खजरी म्हणतात, खिडकीच्या फटीला तोंड लावून एकच सूर धरून बसला होता. त्याच सुराला षड्ज मानून मी गुणगुणत होते आणि खोडत होते.

खोडणं हेच माझं काम होतं. वादक आपापल्या कागदांवर पेन्सिलीने काहीबाही लिहून ठेवतात. इथे हळू. इथे गज उलटा. जिथे संचालकाकडे बघायलाच हवं तिथे चष्म्याचं चित्र. एका बाईंनी तर तिसऱ्या अंकात 'भूक' असं लिहिलं होतं. प्रयोगांची फेरी संपली की हे सगळं खोडून कागद पुन्हा कोरे करायचे. माझा नवरा श्रीरंग समुद्रातल्या तेलविहिरीवर नोकरीला, चौदा दिवस तिकडे आणि चौदा दिवस घरी. लग्नाला वर्ष झालेलं. भिंतींशी मराठीत बोलून कंटाळलेल्या मला बघून आमच्या शेजारच्या तमिल्ला खानमनी, ज्या लायब्ररीच्या मुख्य होत्या, हाताला धरून इथे आणून बसवलं होतं. भाषेचं अडायचं, पण कागद, कलम, पडदा, हवा, चाय हे सगळे शब्द तिथे आधीच माझी वाट बघत थांबलेले होते. बाकीचे हळूहळू आले.

त्या दिवशी खंडेनवमी होती. मिरजेला आमच्या घरी बाबा या दिवशी दुरुस्तीला आलेल्या साऱ्या पेट्या ओळीत मांडायचे, सुरांच्या पट्ट्या ओल्या फडक्याने पुसायचे आणि मगच हळदकुंकू वाहायचे. माझी पाटी मला कोळशाने घासून लख्ख करावी लागे. "मळक्या पाटीवर सरस्वती बसत नाही," असं म्हणायचे. आणि समोर टेबलावर मुर्सल मुअल्लिमांची वही होती.

मुअल्लिम म्हणजे मास्तर. तिथे नावापुढे मानाने लावतात. मुर्सल मुअल्लिम थिएटरचे सगळ्यात जुने संचालक. वाद्यवृंदापुढे काठी घेऊन उभे राहणारे. ही त्यांची मोठी वही, साऱ्या वाद्यांचं नोटेशन एकत्र असलेली. पाठ निसटली होती म्हणून तमिल्ला खानमनी चिकटवायला ठेवली होती. रविवारी तिच्यावरून प्रयोग व्हायचा होता. मला एवढंच सांगितलं होतं: पाठीला डिंक लाव.

डिंक लावला. मग वाटलं, एवढ्या थोर माणसाची वही, आणि आज खंडेनवमी.

त्या ऑपेरात मधूनमधून नोटेशनच्या पाचही रेघा अगदी रिकाम्या असायच्या. वर फक्त एक नाव, आपल्या रागाच्या नावासारखं. तिथे वाद्यवृंद गप्प राहतो. संचालक काठी खाली ठेवून हात बांधतो. गायिका मनाने गाते, आपल्याकडच्या आलापासारखं, आणि सोबतीला 'तार' नावाचं तंतुवाद्य. तिचं गाणं विसावलं की संचालकाने हात उचलायचा आणि साठ माणसांनी एकदम वाजवायचं. वहीतल्या नेमक्या त्या रिकाम्या जागाच सगळ्यात मळलेल्या होत्या. बारीक बारीक स्वल्पविराम, एकाशेजारी एक, कुठे एकावर एक, मुंग्यांची रांग लागावी तसे. रिकाम्या जागेत कोणी काय राखून ठेवील, असं मला वाटलं.

चार तास लागले. शेवटी मुखपृष्ठाच्या कोपऱ्यात कुंकवाचं एक बोट टेकवलं आणि वहीला नमस्कार केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आले. चौऱ्याहत्तर वर्षांचे, बुटके, डोक्यावर सपाट टोपी. रोज यायचे. तमिल्ला खानमच्या शेगडीवरचा चहा प्यायचे, साखरेचा खडा चहात बुडवून दातात धरायचे आणि मला गझम म्हणायचे, म्हणजे माझी पोर.

"गझम, माझी म्हातारी बरी झाली का?" त्यांनी वहीच्या पाठीवर थोपटलं. मग पान उलटलं. आणखी एक. कुंकवाचा ठिपका बघून त्यांनी माझ्याकडे पाहिलं होतं, हसून. आता हसू तिथेच राहिलं होतं आणि डोळे दुसरीकडे गेले होते.

"हे कोणी केलं?" आवाज चढला नव्हता.

"मी. काल आमच्याकडे सण होता. अवजारं, पुस्तकं, सगळं स्वच्छ करून..."

"किती वेळ लागला?"

"चार तास."

"चार तास," ते म्हणाले. "मला एकोणतीस वर्षं लागली होती."

त्यांनी वही मिटली. साखरेचा खडा बशीत परत ठेवला, जपून, जणू तो कोणा दुसऱ्याचा होता. "तमिल्ला, रविवारी दुसऱ्या कोणाला उभं करा."

ते जिना चढून गेले. तमिल्ला खानमनी नाकावरचा चष्मा काढला, साखळीला लोंबकळू दिला.

"डिंक म्हटलं होतं ना मी? डिंक! रबर कुठून आलं मध्ये?"

मी रडायला लागले.

"रडून झालं की सांग. अगं, रविवारचा त्यांचा शेवटचा प्रयोग. एकेचाळीस वर्षांनी निवृत्त होतायत. सगळी तिकिटं गेलीयत. आणि तुम्ही लोक वहीला अंघोळ घालता!" मग त्यांना माझी दया आली असावी. चहा ओतला. "शिकून आले होते तेव्हा या माणसाला केवढाल्या सिम्फनी करायच्या होत्या. डायरेक्टरने हा जुना ऑपेरा हातात टेकवला. निम्मा वेळ हात बांधून उभं राहायचं. वादक चिडवायचे, हात बांधायचा डिप्लोमा कोणत्या शहरात मिळतो हो? बरोबरीचे सगळे परदेशी गेले, मोठे झाले. हे राहिले."

"का राहिले?"

"ते त्यांना विचार. आता तुझं तोंड बघितलं तर."

जिन्यात हुमाय भेटली. नायिकेची भूमिका तीच करायची, माझ्याच वयाची. बातमी तिच्यापर्यंत पोचली होती. ती पायरीवर मटकन बसली.

"खरं सांगू? ऐकल्याबरोबर मला आधी सुटल्यासारखं झालं. आणि मग इतकी लाज वाटली."

"सुटल्यासारखं?"

"त्यांच्याबरोबर गाताना वाटतं, माझ्या जागी दुसरंच कोणी गातंय. मी अजून सुरावर असते आणि वाद्यवृंद येऊन धडकतो. दरवेळी त्याच जागी. विचारलं की म्हणतात, तुझा श्वास तिथेच संपतो." तिने छातीवर हात ठेवला. "माझा नाही गं संपत. माझा पुढे आहे अजून. पण त्यांना कोण सांगणार? आणि ते नसले तर रविवारी मला कोण सांभाळणार?"

तो दसऱ्याचा दिवस. घरी येऊन मी श्रीखंड केलं. तिथे घट्ट दही बाजारात आयतं मिळतं, अगदी आपल्या चक्क्यासारखं, आणि केशर तर त्याच मातीतलं. डबा आणि वही पिशवीत घालून दुपारी मी त्यांचं घर शोधत गेले. चौथा मजला. दार उघडायला इतका वेळ लागला की मी दोनदा परत फिरले.

"तू," ते म्हणाले. दार लावलं नाही. उघडंही केलं नाही. मग आत गेले.

खोलीत समुद्राचा उजेड होता. भिंतीवर, छतावर, पियानोच्या झाकणावर तो हळूहळू हलत होता, त्यामुळे सगळी खोलीच कुठेतरी निघाल्यासारखी वाटत होती. पियानोवर एका बाईंचा फोटो. मान वर, ओठ नुकतेच विलगलेले.

"ही झुमरुद, माझी बायको," ते म्हणाले. "बस."

मी बसले. डबा पुढे सरकवला. त्यांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"पहिल्या वर्षी मी राजीनामा लिहून खिशात ठेवला होता. मग ही आली. पहिल्या प्रयोगाला हिने ती रिकामी जागा गायली आणि मी हात उचलायला विसरलो. साठ माणसं माझ्याकडे बघतायत आणि मी हिच्याकडे. नंतर येऊन म्हणाली, मुर्सल, तुम्हाला थांबायला तरी येतं की नाही? मी म्हटलं, येत नाही, शिकव. त्या दिवसापासून ही जिथे श्वास घेई तिथे मी पेन्सिल टेकवायला लागलो."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं.

"एकोणतीस वर्षं," ते म्हणाले. "कधी दोनदा एकाच ठिकाणी नाही. एकदा तिला सर्दी होती, त्या दिवशीच्या खुणा दाट आहेत. मुलगी पोटात होती तेव्हाचे सगळ्यात बारीक, एकमेकांना खेटून. सातव्या महिन्यापर्यंत गायली. मी तिकडून खुणेने विचारायचो, थांबायचं का? ती डोळ्यांनी सांगायची, नाही. तिला जाऊन अकरा वर्षं झाली."

"त्यांची रेकॉर्डिंग्ज असतील ना?" मी कसंबसं विचारलं.

"आहेत की. पण रेकॉर्डिंगवाले श्वास कापून टाकतात, गझम. आवाज स्वच्छ करतात." ते पहिल्यांदा माझ्याकडे बघून थोडे हसले. "तुझ्यासारखेच."

मी वही काढली, मांडीवर उघडली, नुसतं काहीतरी करायचं म्हणून. आणि तो हलता उजेड पानावरून आडवा गेला. मी पान आणखी तिरपं केलं.

"मुअल्लिम. हे बघा."

शाई नाही, शिसं नाही, पण कागदावर बारीक खळगे होते. एक, दोन, सगळे. मी रबर घासलं होतं, पण त्यांनी पेन्सिल त्याहून दाबून टेकवली होती. ते माझ्या खुर्चीशेजारी गुडघ्यावर बसले. एवढे म्हातारे गृहस्थ. त्यांनी अंगठा पानावरून फिरवला, डोळे मिटून, आणि एका ठिकाणी थांबले.

"सर्दी," ते म्हणाले.

आणखी पुढे अंगठा गेला. तिथे मी बघणं सोडलं आणि समुद्राकडे बघत राहिले.

"मी परत काढून देते," थोड्या वेळाने मी म्हटलं. "एकेक. रविवारपर्यंत बसून काढते. तुम्ही या मात्र."

त्यांचा अंगठा पानावर फिरत राहिला. मी तिथेच थांबायला हवं होतं. पण पायरीवर बसलेली हुमाय माझ्या डोळ्यांपुढून जाईना.

"मुअल्लिम, हुमाय म्हणते, तिचा श्वास तिथे संपत नाही. पुढे आहे म्हणते, अजून."

त्यांनी अंगठा उचलला. वही माझ्या मांडीवरून घेतली आणि मिटली. गुडघ्यावरून उठायला त्यांना पियानोचा आधार घ्यावा लागला. मी हात पुढे केला तो त्यांनी घेतला नाही.

"जा आता."

"मुअल्लिम, मी..."

"गझम, जा."

रविवारी सकाळपर्यंत कोणालाच काही माहीत नव्हतं. दुसऱ्या संचालकाला काळे कपडे इस्त्री करून ठेवायला सांगितलं होतं. तमिल्ला खानम माझ्याशी फक्त कामापुरतं बोलत होत्या. संध्याकाळी पडदा उघडायला वीस मिनिटं असताना मागच्या दाराने सपाट टोपी आत आली. काखेत वही. कोणाकडे न बघता ते आपल्या खोलीत गेले, आणि सगळ्या इमारतीने हुश्श केलं.

मी विंगेत उभी होते, पडद्याच्या घडीत. तिथून त्यांचा चेहरा दिसायचा, पुढ्यातल्या छोट्या दिव्याने खालून उजळलेला, आणि उघडी वही. कोरी. खुणा पुन्हा काढलेल्या नव्हत्या. त्या उजेडात खळगे दिसत असतील का, मी विचार करत होते.

दुसऱ्या अंकात ती जागा आली. वाद्यवृंद थांबला. मुर्सल मुअल्लिमांनी काठी ठेवली आणि हात बांधले. तार एकटीच वाजायला लागली, आणि हुमायने सूर लावला.

मला त्या गाण्याचे शब्द आठवत नाहीत. थिएटर अंधारं होतं, छताजवळ सोनेरी काहीतरी मिणमिणत होतं. तिचा सूर पाण्यावर दिवा सोडल्यासारखा एकेक वळण घेत दूर चालला होता. मधेच मला वाटलं, मी मिरजेत आहे, बाबा आतल्या खोलीत एखादी पेटी जुळवतायत आणि मी पाळण्यात आहे. किती वेळ गेला कोण जाणे. मग मी पाहिलं, व्हायोलिनवाल्यांचे गज तारांवर टेकले होते. ती नेहमीची जागा जवळ आली होती. तारवाल्याने मान वर केली. साठ माणसं तयार. मुर्सल मुअल्लिमांचा डावा हात सवयीने सुटला आणि उचलला जाऊ लागला.

हुमायने ते पाहिलं. तिचा आवाज किंचित आखडला, आता धडक बसणार म्हणून माणूस अंग चोरतो तसा.

तो हात मधेच वळला. त्याने वही मिटली.

आवाज झाला नाही, पण मला तो ऐकू आला. वही मिटून त्यांनी हात पुन्हा बांधले, मान वर केली आणि हुमायकडे पाहिलं. माझ्या आठवणीत तरी प्रयोग चालू असताना त्यांना गायिकेकडे बघताना मी प्रथमच पाहत होते.

तिलाही ते कळलं. ती क्षणभर गोंधळली, मग आवाज सैल झाला आणि ती निघाली. पुढे, त्या जागेच्या पलीकडे, जिथे अकरा वर्षांत कोणी गेलं नव्हतं. गज हवेत तसेच. एका म्हाताऱ्या वादकाने डोळे मिटून घेतले. मुर्सल मुअल्लिमांचे ओठ नुकतेच विलगले होते, पियानोवरच्या त्या फोटोतल्यासारखे. ते थांबले होते. नुसते थांबले होते, आणि मी इतकं भरलेलं थांबणं पुन्हा कधी बघितलं नाही.

मग ती विसावली. तिने श्वास घेतला, माझ्यापर्यंत ऐकू आला इतका खोल. त्यांचा हात वर गेला.

टाळ्या, फुलं, भाषणं सगळं झालं. लोक पांगल्यावर त्यांनी मला खोलीत बोलावलं. टोपी डोक्यावर होती, कोट अंगात. वही उघडून त्यांनी माझ्यापुढे सरकवली आणि खिशातून पेन्सिलीचा तुकडा काढला.

"लिही."

"काय?"

"आज तिने कुठे श्वास घेतला ते ऐकलंस ना?"

"हो."

"मग?"

कोऱ्या रेघांवर, शेवटच्या खळग्याच्या बरंच पुढे, मी एक स्वल्पविराम टेकवला.

"एवढं दाबून नको," ते म्हणाले. "पुढे कोणीतरी खोडणारच."

मी पेन्सिल परत दिली. त्यांनी वही उचलली आणि कुंकवाच्या ठिपक्याकडे जरा वेळ पाहिलं.

"हे जात नाही वाटतं."

"नाही."

"मी तुला माफ केलेलं नाही, गझम."

"हो, मुअल्लिम."

"मंगळवारी चहाला ये. तो पिवळा पदार्थ संपला. आणखी आण."

पुढच्या उन्हाळ्यात श्रीरंगची बदली झाली. निघालो त्या सकाळी मुर्सल मुअल्लिम आमच्या दाराशी भांडं घेऊन उभे होते. टॅक्सी हलली तसं त्यांनी मागे रस्त्यावर पाणी ओतलं. तिथे जाणाऱ्याच्या मागे पाणी ओततात, परत यावं म्हणून. मी अजून गेलेले नाही. ते आता नाहीत, असं हुमायने कळवलं.

हे मी पुण्याच्या घरात लिहितेय, दुपारी, तुकड्यातुकड्यांनी. माझी लेक सात महिन्यांची आहे. दुपारची चाळीस मिनिटं झोपते, कधी पन्नास. गेल्या आठवड्यात तिच्या छातीत कफ भरला होता. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका, पण झोपेत मिनिटाला किती श्वास घेते ते मोजत राहा. मी पाळण्याशी कागद पेन्सिल घेऊन बसले. तिची छाती उचलली की एक खूण. अठ्ठावन्न. पुढच्या तासाला चोपन्न. संध्याकाळी एकदा पुन्हा सत्तावन्न, त्या खुणा वेड्यावाकड्या आहेत. चौथ्या दिवशी चाळीस. मग मी मोजणं सोडलं आणि तिच्याजवळ आडवी झाले.

तो कागद फ्रिजवर चुंबकाने लावलेला आहे. आज सासूबाई हातात फडकं घेऊन स्वयंपाकघरात आल्या. दसरा चार दिवसांवर आलाय.

"आता बरी झाली ना ती? मग काढ की ते लक्तर. किती मळलंय. मी इथलं सगळं पुसून घेते."

"आई, बाकी सगळं पुसा," मी म्हटलं. "तेवढा राहू द्या."